गॅरी किल्डॉल

तुमच्यापैकी अनेकांनी अकोल्याचे रेल्वे स्थानक पाहिले असेल. मुंबईहून नागपूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग तेथून जातो. त्याच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर आहे. त्याला ब्रॉडगेज म्हणतात. पण याच अकोल्याहून अकोटकडे आणि पूर्णेकडे जाणारा मार्ग अनेक वर्षे मीटरगेज होता. त्याच्या रुळांमध्ये फक्त १००० मिलिमीटर अंतर असे. अकोल्याहून पुढे मूर्तिजापूरला गेलात, तर तेथे तिसरीच तऱ्हा होती. अचलपूर आणि यवतमाळकडे धावणाऱ्या आपल्या शकुंतलेचे रूळ अवघ्या ७६२ मिलिमीटरवर होते. कापसाच्या गाठी अचलपूरहून शकुंतलेत बसून येत, मूर्तिजापूरला उतरत आणि मोठ्या गाडीत पुन्हा चढत. माल तोच, जायचे ठिकाणही ठरलेले, पण रुळांचे माप वेगळे असल्यामुळे एवढी उठाठेव करावी लागे.

रुळांचा हा घोळ तुमच्या मोठ्या माणसांना चांगला आठवत असेल. त्यांना जरूर विचारा. संगणकाची आजची गोष्ट समजून घ्यायला तो उपयोगी पडतो.

शाळेच्या संगणक कक्षात तुम्ही बसता. कीबोर्डवर अक्षर दाबले की पडद्यावर अक्षर उमटते. फाईल साठवा असे सांगितले की ती साठवली जाते. हे काम आपोआप होत नाही. संगणकाच्या आत एक मूळ प्रोग्राम सतत जागा असतो. कोणता भाग केव्हा काम करील, फाईल चकतीवर कोठे ठेवली जाईल, छपाईयंत्राला निरोप कसा जाईल, हे सारे तो पाहतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मराठीत तिला कार्यप्रणाली असेही नाव आहे. आज कोणी विंडोज वापरतो, कोणी अॅपल कंपनीची मॅक प्रणाली, तर कोणी लिनक्स. एकीसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीवर सहसा तसाच चालत नाही. मूर्तिजापूरच्या फलाटासारखीच स्थिती.

कोणती प्रणाली चांगली, यावर लोक तावातावाने भांडतात. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही हा वाद मी ऐकला आहे. एक जण म्हणतो की विंडोज सगळ्यांना येते, मग दुसरे कशाला शिकायचे? दुसरा म्हणतो की लिनक्स फुकट मिळते, तर शाळेने पैसे का मोजावेत? चहा संपतो, घंटा होते, पण वाद मिटत नाही.

हा वाद घरोघरच्या लहान संगणकाइतकाच जुना आहे. त्याच्या अगदी आरंभी ज्या माणसाचे नाव येते, त्याची हकीकत मी तुम्हाला सांगणार आहे. त्यांचे नाव गॅरी किल्डॉल. संगणकाच्या इतिहासात ते प्रसिद्ध आहेत, पण बहुधा एका चुकीच्या कारणासाठी. ते कारण पुढे येईलच.

गॅरी यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिअॅटल या बंदराच्या शहरात झाला. त्यांचे घराणे दर्यावर्दी. कुटुंबाची स्वतःची एक नौकानयन शाळा होती. चारी बाजूंना पाणी असताना आपले जहाज नेमके कोठे आहे, हे तारे, घड्याळ आणि गणित यांच्या साहाय्याने कसे ओळखावे, हे खलाशांना तेथे शिकवत. गॅरी यांना शाळेतल्या पुस्तकांपेक्षा मोटारी आणि यंत्रे खोलून पाहण्याची आवड जास्त होती. पुढे मात्र घरच्या शाळेत शिकवता शिकवता गणित त्यांना आवडू लागले. गणिताचे शिक्षक व्हावे म्हणून त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात नाव घातले. (आम्हा शिक्षकांना हे वाचून जरा बरे वाटते.) तेथे त्यांनी संगणक पाहिला आणि त्यांची वाटच बदलली. शाळेपासूनची मैत्रीण डोरोथी हिच्याशी त्यांचा विवाह झाला होता. पुढच्या हकीकतीत या डोरोथीबाईंचे काम मोठे आहे.

ते व्हिएतनाम युद्धाचे दिवस होते. अमेरिकेत तरुणांना सैन्यात सक्तीने भरती करत. गॅरी यांच्या वाट्याला नौदल आले, पण बंदुकीऐवजी खडू हाती आला. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे या गावी नौदलाचे एक उच्च शिक्षणाचे विद्यालय आहे. तेथे ते शिकवू लागले. १९७२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाची डॉक्टरेटही मिळवली.

त्या काळचा संगणक कसा होता, याची कल्पना करा. तो एका खोलीत जेमतेम मावत असे. त्याची किंमत एवढी असे की विद्यापीठे, बँका आणि सरकारी खाती यांनाच तो परवडे. तुमच्या माझ्यासारख्या माणसाच्या टेबलावर संगणक असेल, असे तेव्हा फार थोड्यांना वाटत होते.

१९७१ च्या नोव्हेंबरमध्ये इंटेल कंपनीने ४००४ नावाची चिप विकायला काढली. एका जपानी कंपनीच्या हिशेबाच्या यंत्रासाठी ती मुळात तयार झाली होती. नखाएवढ्या त्या तुकड्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. गॅरी यांनी अशी एक चिप विकत घेतली आणि तिच्यासाठी प्रोग्राम लिहायला बसले. तिची शक्ती फारच थोडी होती. तरी त्यांनी तिला सोडले नाही. हळूहळू इंटेल कंपनीलाही त्यांची गरज वाटू लागली. विद्यालयातले शिकवणे सांभाळून ते इंटेलमध्ये सल्लागार म्हणून जाऊ लागले. या नव्या चिपांसाठी सोप्या रीतीने प्रोग्राम लिहिता यावेत म्हणून त्यांनी पीएल/एम नावाची संगणकाची भाषा तयार केली.

अडचण पुढेच होती. लिहिलेला प्रोग्राम ठेवायचा कोठे? त्या वेळी कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडून माहिती साठवत. पट्टी वाचायला वेळ लागे, मध्येच ती फाटे. तेवढ्यात फ्लॉपी चकती निघाली. गॅरी यांनी एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळवली, पण ती चिपला जोडायचे यंत्र त्यांना स्वतःला करता येईना. ते जुळवाजुळवीत कच्चे होते, हे त्यांनी मान्य केले. ड्राइव्ह तशीच पडून राहिली. शेवटी विद्यापीठातला त्यांचा एक मित्र, जॉन टोरोड, मदतीला आला. त्याने जोडणी केली आणि गॅरी यांनी चकतीवर फाईली ठेवणारा, शोधणारा आणि काढून देणारा प्रोग्राम लिहिला. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकाठच्या छोट्या गावात तो पहिल्यांदा चालला. त्याचे नाव सीपी/एम.

गॅरी यांनी हा प्रोग्राम इंटेलला देऊ केला, पण इंटेलने तो घेतला नाही. मग नवरा-बायकोने मिळून स्वतःची कंपनी काढली. तिचे पहिले नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च, म्हणजे आकाशगंगांच्या पलीकडे जाणारे! काही काळाने पहिला शब्द गळून पडला आणि डिजिटल रिसर्च एवढेच नाव उरले. गॅरी प्रोग्राम लिहीत. डोरोथीबाई करार, हिशेब आणि ग्राहक सांभाळत.

आता त्यांनी जे खरे मोठे काम केले, ते नीट लक्ष देऊन वाचा. १९७५ नंतर अमेरिकेत लहान संगणक तयार करणाऱ्या कंपन्या भराभर उगवल्या. प्रत्येकीचे यंत्र वेगळे, चकती वेगळी, पडदा वेगळा. प्रत्येक यंत्रासाठी गॅरी यांना आपला सारा प्रोग्राम पुन्हा बदलावा लागे. याला ते कंटाळले. तेव्हा त्यांनी प्रोग्रामचे दोन भाग केले. यंत्राशी थेट संबंध असलेला छोटा भाग त्यांनी वेगळा काढला आणि त्याला बायॉस असे नाव दिले. बाकीचा मोठा भाग सर्व यंत्रांवर एकच. नवे यंत्र आले की फक्त बायॉस बदलायचा.

शकुंतलेच्या भाषेत सांगायचे, तर डबा तोच ठेवायचा आणि खालची चाके तेवढी बदलायची. मग गाठी उतरवायला नकोत आणि पुन्हा भरायलाही नकोत.

याचा परिणाम फार मोठा झाला. आता पत्र लिहिण्याचा किंवा हिशेबाचा प्रोग्राम एकदाच लिहायचा आणि तो शेकडो प्रकारच्या संगणकांवर चालवायचा, असे होऊ लागले. वर्डस्टार आणि डीबेस ही नावे तुमच्या वडीलधाऱ्यांपैकी ज्यांनी जुन्या कचेऱ्यांत संगणक शिकला, त्यांना ठाऊक असतील. हे दोन्ही प्रोग्राम आधी सीपी/एमवर वाढले. प्रोग्राम विकणारा वेगळा आणि यंत्र विकणारा वेगळा, अशी बाजारपेठ त्यातून उभी राहिली. १९८० पर्यंत लहान संगणकांच्या दुनियेत सीपी/एमला तोड नव्हती. पुढे प्रतिस्पर्धी झालेली मायक्रोसॉफ्ट कंपनीसुद्धा त्या वर्षी अॅपलच्या संगणकात बसणारे एक कार्ड विकत होती, आणि त्याच्यासोबत सीपी/एमच देत होती.

मग आयबीएम आली. ही कंपनी मोठ्या संगणकांची बादशहा होती. लहान संगणक काढायचा तर तो झटपट काढायचा, असे तिने ठरवले आणि बाकीच्या गोष्टी बाहेरून घ्यायचे ठरवले. १९८० साली तिचे लोक आधी बिल गेट्स यांच्या मायक्रोसॉफ्टकडे गेले. गेट्स यांची कंपनी तेव्हा संगणकाच्या भाषा विकत असे. ऑपरेटिंग सिस्टिम हवी तर किल्डॉल यांच्याकडे जा, असे त्यांनी सुचवले. म्हणून आयबीएमचे लोक पॅसिफिक ग्रोव्हला पोहोचले.

येथेच ती गोष्ट सुरू होते, जिच्यामुळे गॅरी यांचे नाव घेतले जाते. तुम्ही ती कधी ना कधी ऐकाल. गोष्ट अशी की, जगातली सर्वांत मोठी संगणक कंपनी दाराशी आली असताना हा गृहस्थ मजेखातर विमान उडवायला निघून गेला आणि त्यामुळे अब्जावधींची दौलत हातची घालवून बसला. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट रंगवून छापली, पुस्तकांनी ती उचलली. आळशी आणि बेफिकीर माणसाचे उदाहरण म्हणून ती सांगितली जाऊ लागली.

तपासून पाहिले तर काय दिसते? गॅरी यांना विमान चालवण्याचा छंद होता, हे खरे. त्या दिवशी ते स्वतःच्या विमानाने गेले होते, हेही खरे. पण ते कामासाठी, एका ग्राहकाच्या भेटीला गेले होते. कराराचे बोलणे डोरोथीबाईच नेहमी करत, म्हणून त्यांनीच आयबीएमच्या लोकांना बसवून घेतले. आयबीएमने आधी एका गुप्ततेच्या करारावर सही मागितली. तो फारच एकतर्फी होता. आयबीएम जे सांगेल ते डिजिटल रिसर्चने गुप्त ठेवायचे, पण डिजिटल रिसर्च जे सांगेल त्याचे बंधन आयबीएमवर नाही. डोरोथीबाई आणि त्यांचे वकील सहीला कचरले, यात नवल नाही. दुपारी गॅरी परत आले. पुढे काय ठरले आणि काय फिस्कटले, याबद्दल तेथे हजर असलेल्यांच्या हकीकती एकमेकींशी जुळत नाहीत. पैशांचा प्रश्न मात्र नक्की होता. आयबीएमला एकदाच ठोक रक्कम द्यायची होती. गॅरी यांचा रिवाज दर प्रतीमागे पैसे घेण्याचा होता, आणि इतर ग्राहकांना ते त्याच दराने माल देत होते. आयबीएमसाठी वेगळा न्याय लावला, तर बाकीच्यांना काय सांगायचे?

मला स्वतःला वाटते की यात गॅरी यांची थोडी चूक होती. आयबीएमच्या नव्या संगणकातील चिपसाठी लागणारी सीपी/एम-८६ ही आवृत्ती त्यांनी वेळेवर पूर्ण केली नव्हती. बाजार थांबत नसतो. पण मजेखातर उडायला गेले, हा त्यांच्यावरचा आरोप खोटा आहे, आणि तो त्यांना मरेपर्यंत चिकटून राहिला.

आता सिअॅटलकडे वळू. तेथे सिअॅटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स नावाची एक लहान कंपनी होती. तिने त्याच नव्या चिपचा संगणक बनवला होता, आणि सीपी/एम-८६ ची वाट पाहून ती थकली होती. तेव्हा तिच्याकडील टिम पॅटरसन या तरुण अभियंत्याने १९८० मध्ये स्वतःच एक प्रणाली लिहिली. सीपी/एमचे माहितीपुस्तक समोर ठेवून, तिच्यासाठीचे प्रोग्राम सहज इकडे आणता यावेत अशी तिची रचना केली. मायक्रोसॉफ्टने आधी २५,००० डॉलर देऊन तिचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये आणखी ५०,००० डॉलर देऊन ती पूर्ण विकत घेतली. म्हणजे एकूण ७५,००० डॉलर. हीच प्रणाली मायक्रोसॉफ्टने आयबीएमला दिली. पण देताना एक गोष्ट हातात राखून ठेवली. हीच प्रणाली इतर कंपन्यांनाही विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टकडेच राहिला.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला. त्यातली प्रणाली पाहून गॅरी थक्क झाले. तिचे वागणे त्यांच्या सीपी/एमसारखेच होते. फिर्याद करावी असे त्यांच्या मनात आले. पण प्रोग्रामच्या मालकीचा कायदा अमेरिकेत तेव्हा नवा आणि कच्चा होता. समोर आयबीएम होती. तडजोड झाली. गॅरी यांनी दावा करायचा नाही, आणि आयबीएमने आपल्या संगणकासोबत सीपी/एम-८६ हीदेखील विकायला ठेवायची. ग्राहक निवडतील, असे गॅरी यांना वाटले.

ग्राहकांनी निवड केलीच. पण किंमती पाहा. मायक्रोसॉफ्टची डॉस ४० डॉलरला, आणि सीपी/एम-८६ ही २४० डॉलरला! शिवाय सीपी/एम-८६ आली ती काही महिने उशिरा. तुम्ही दुकानात उभे असता, तर कोणती उचलली असती? दोन्ही जवळपास सारख्याच आहेत, एवढेच तुम्हाला ठाऊक आहे. बहुतेकांनी तेच केले.

थोड्याच काळात दुसऱ्या कंपन्यांनी आयबीएमसारखे हुबेहूब संगणक काढले आणि त्या सर्वांना मायक्रोसॉफ्टने डॉस विकली. राखून ठेवलेला तो हक्क येथे फळाला आला. जेथे जास्त लोक, तेथे प्रोग्राम लिहिणारे जातात. जेथे प्रोग्राम जास्त, तेथे आणखी लोक येतात. पुढे डॉसच्या जागी विंडोज आली, तरी हे चक्र तसेच फिरत राहिले. आपल्या उर्दूचेच पाहा ना. नस्तालीक लिपीत छपाईची पाने तयार करणारा इनपेज हा प्रोग्राम १९९४ मध्ये आला तो विंडोजसाठी. मग उर्दू वर्तमानपत्रे, पुस्तके, लग्नपत्रिका छापणाऱ्यांना विंडोजखेरीज दुसरा विचार करण्याचे कारणच उरले नाही. जुन्या इनपेजमध्ये लिहिलेला मजकूर दुसरीकडे उघडला की अक्षरांची नुसती खिचडी दिसे. अमरावतीत असो की अकोल्यात, ज्याने छपाईच्या दुकानात काम केले आहे, त्याला हा अनुभव आला असेलच.

मग गॅरी यांची नक्कल झाली, असे म्हणायचे का? हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. संगणकात फाईलींची यादी पाहण्यासाठी डीआयआर ही आज्ञा असे. ती सीपी/एममधून डॉसमध्ये आली. पण गॅरी यांनी ती डीईसी नावाच्या कंपनीच्या मोठ्या संगणकांवर पाहिली होती. ड्राइव्हना ए, बी, सी अशी अक्षरे देण्याची रीतही त्यांनी आयबीएमच्या एका जुन्या प्रणालीत पाहिली होती. जुन्यातून नवे घडवणे हे त्यांनीही केले होते. फरक कोठे होता? घेतलेल्या कल्पनांवर त्यांनी बायॉसची स्वतःची रचना उभी केली होती. पॅटरसन यांनीही आपली प्रणाली स्वतः लिहिली, चकतीवर फाईली ठेवण्याची त्यांची पद्धत सीपी/एमपेक्षा वेगळी होती. तेव्हा वकील काहीही म्हणोत, वर्गात या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल.

शाळेच्या संगणकावर विंडोज असेल, तर तुमच्या फाईली सी या ड्राइव्हमध्ये असतात, हे तुम्ही पाहिले असेल. ए आणि बी कोठे गेले, असे कधी मनात आले का? ती अक्षरे फ्लॉपी ड्राइव्हसाठी होती. फ्लॉपी गेल्या, पण अक्षरांची ती ओळ राहिली. ती सीपी/एमच्या दिवसांपासून चालत आली आहे.

गॅरी खचून घरी बसले नाहीत. १९८५ मध्ये त्यांच्या कंपनीने जेम ही चित्रांची प्रणाली काढली. पडद्यावर छोटी चित्रे आणि खिडक्या, हातात माउस. तिचे रूप अॅपलच्या मॅकिंटॉशशी जुळते, म्हणून अॅपलने खटल्याची धमकी दिली आणि जेमचे रूप बदलावे लागले. बघा, येथे आरोपीच्या जागी गॅरी यांची कंपनी होती! अॅपलने पुढे १९८८ मध्ये मायक्रोसॉफ्टवरही असाच खटला भरला, पण तो ती हरली.

१९८८ मध्ये डिजिटल रिसर्चने डीआर-डॉस काढली. मायक्रोसॉफ्टच्या डॉससाठी लिहिलेले प्रोग्राम तिच्यावर चालत, आणि काही बाबतींत ती सरस होती. या चढाओढीमुळे मायक्रोसॉफ्टलाही आपली डॉस सुधारावी लागली. पण १९९१ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने तपासणीसाठी वाटलेल्या विंडोजच्या एका आवृत्तीत एक लपवलेली तपासणी होती. खाली दुसऱ्या कंपनीची डॉस असली, की ती पडद्यावर चूक झाल्याचा संदेश दाखवी. हे प्रकरण पुढे न्यायालयात गेले. डीआर-डॉसचे हक्क विकत घेणाऱ्या कॅल्डेरा कंपनीने १९९६ मध्ये दावा लावला आणि २००० साली तो पैसे घेऊन मिटला. तोपर्यंत गॅरी हयात नव्हते.

त्यांच्या स्वभावाची एक बाजू मला विशेष आवडते. १९८३ ते १९९० या काळात ते अमेरिकेतल्या दूरदर्शनवर संगणकाविषयीच्या एका कार्यक्रमात सहनिवेदक होते. तेथे निरनिराळ्या कंपन्यांची माणसे आपला नवा माल दाखवायला येत. त्यांत प्रतिस्पर्धीही असत. गॅरी त्यांना शांतपणे, कुतूहलाने प्रश्न विचारत. हे यंत्र आतून कसे चालते, यातच त्यांना रस असे. बहुखंडी छापील ज्ञानकोश एका सीडीवर आणण्याच्या कामातही त्यांनी पुढाकार घेतला, आणि १९८५ मध्ये तो ज्ञानकोश प्रसिद्ध झाला. तुम्ही आज मोबाइलवर क्षणात माहिती शोधता. तेव्हा एका चकतीत एवढी पुस्तके मावतात, हेच लोकांना खरे वाटत नसे.

१९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल या कंपनीला विकली गेली. गॅरी यांना पैसा भरपूर मिळाला. त्यांच्याकडे विमाने होती, मोटारी होत्या. डोरोथीबाईंपासून ते आधीच विभक्त झाले होते. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणक विभागाचा पंचविसावा वाढदिवस साजरा झाला. गॅरी त्याच विभागाचे जुने विद्यार्थी. पण मुख्य भाषणासाठी बोलावले होते बिल गेट्स यांना, जे त्या विद्यापीठात शिकलेही नव्हते. गॅरी यांना हे फार लागले. त्यानंतर त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या आणि १९९३ मध्ये त्याच्या प्रती घरच्यांना व मित्रांना दिल्या. अखेरच्या वर्षांत दारूने त्यांना घेरले होते, हे त्यांच्या मुलांनी पुढे मोकळेपणाने सांगितले.

जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरे येथे त्यांच्या डोक्याला दुखापत झाली. तीन दिवसांनी, ११ जुलै रोजी, त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय ५२ होते.

त्याच सुमारास वादाला नवे वळण लागत होते. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला होता. ज्याला हवे त्याने घ्यावा, वाचावा, बदलावा. तुमच्या घरात अँड्रॉइडचा मोबाइल असेल, तर त्याच्या तळाशी तोच लिनक्सचा गाभा आहे. म्हणजे शिक्षकांच्या खोलीत विंडोजची बाजू घेणारे आमचे मित्र खिशात लिनक्स घेऊन फिरतात! हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी आधी मोबाइलकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि विषय बदलला.

गॅरी यांच्या कामाची नोंद उशिरा झाली, पण झाली. एप्रिल २०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हला अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेने एक फलक बसवला. १९७४ साली सीपी/एम या गावात पहिल्यांदा चालली, असे त्यावर कोरले आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील संगणक इतिहासाच्या संग्रहालयाने सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ प्रोग्राम अभ्यासकांसाठी खुला केला. २०१६ मध्ये गॅरी यांच्या आठवणींचा पहिला भाग त्यांच्या मुलांच्या संमतीने याच संग्रहालयाने प्रसिद्ध केला. पुढची प्रकरणे त्यांच्या आजारी मनाच्या काळातली आहेत, त्यांत आमचे वडील खरे दिसत नाहीत, असे सांगून मुलांनी ती मागे ठेवली.